बेडूकरावांचे नवे डोळे

४ जानेवारी

आज आमच्या पार्कातल्या बेडूकरावांच्या पोशाखाचं नवं चित्र आलं आणि माझी सकाळच नासली. डोळे डोक्यावरून उचलून थेट तोंडावर आणून ठेवलेत! बशीएवढे. बेडकाचे डोळे वर असतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. डिझायनर बाईंना तसं म्हटलं, तर गोड हसून म्हणाल्या, "मावशी, आता लोक बेडूक बघायला येत नाहीत, बेडकाबरोबर फोटो काढायला येतात. डोळे समोर हवेत." मुलगी वाईट नाही. पण मला मावशी म्हणायचं आणि वर माझ्याच बेडकाची मुंडी पिरगाळायची, हे काही पटलं नाही.

माझ्या शिवणखोलीच्या फळीवर जुनी डोकी ओळीने ठेवलेली आहेत. पहिलं कागदाच्या लगद्याचं. गालभर फोड आणि जबड्यात दात! बेडकाला दात कुणी दिले देव जाणे, पण त्या काळी पार्कात आलेली पोरं त्याला बघून भोकाड पसरायची आणि आईबापांना त्यात मजा वाटायची. मग फायबरचं आलं. दात गेले, जाकीट आलं, पण वजन असं की ह्यांच्या खांद्यांना घट्टे पडले. मग स्पंजाचं. फोड गेले, पोट सुटलं, शेवाळी रंगाचा पोपटी झाला. दर खेपेला बेडूक जरा कमी बेडूक होत गेला. आता हे चौथं, तान्ह्या बाळाच्या तोंडाचं.

एक गोष्ट मात्र तिन्ही डोक्यांत सारखी होती. आतल्या माणसाने बघायचं ते बेडकाच्या तोंडातून. मी ह्यांना पहिल्यांदा बघितलं ते त्या दातांच्या फटीतूनच. जबडा टाचत होते, तर आतून आवाज आला, "बाई, सुई जरा सांभाळून, आत माणूस आहे." पुढे त्या आतल्या माणसाशीच लग्न केलं.

नव्या डोक्यात डोळ्यांतूनच बघायचं. बुबुळाच्या जागी जाळी, बाहेरून काळी, आतून आरपार. साहेब ह्यांना म्हणाले, "पार्काच्या वाढदिवसाला नवा बेडूक उतरवायचा. तुम्हाला जमलं तर उत्तम. नाही जमलं तर एखादा तरुण माणूस बघू." हे घरी येऊन जेवले नाहीत.

९ जानेवारी

स्टूल खिडकीपाशी सरकवलं, एवढंच माझं पाप. हे आले, अडखळले, नडगी आपटली आणि असे कडाडले की शेजारचीने दार उघडून बघितलं. "घरात वस्तू जागच्या जागी ठेवता येत नाहीत तुला?" अहो, एक स्टूल! जणू मी घर विकून आले.

हल्ली नाकावरच राग असतो. चहा ओततात तो कपाच्या बाहेर. स्कूटर बंद करून ठेवली, म्हणे पाठीला हिसके बसतात. पेपर स्वतः वाचत नाहीत, मला वाचायला लावतात, "तुझ्या आवाजात बातम्या बऱ्या वाटतात." आधी लाजले होते मी, खोटं कशाला बोलू. आता कंटाळा येतो. भांडी घासायची की ह्यांना हवामान वाचून दाखवायचं?

१७ जानेवारी

आज एक गोष्ट बघितली. लिहू की नको असं झालंय.

बेडकाच्या तोंडातून पावलापुढची जमीन तेवढी दिसते. म्हणून त्याचा हात धरून चालायला एक माणूस लागतो. आमच्याकडे त्या माणसाला काठी म्हणतात. आत बोलायचं नाही हा पार्काचा नियम, त्यामुळे काठी हात दाबून सगळं सांगते. पायरी आली, पोर आलं, थांबा. कितीदा दाबलं की काय, ही त्या दोघांची भाषा. मला कुणी शिकवलेली नाही आणि मीही विचारलेली नाही. हल्लीची काठी पस्तिशीची आहे, नवरा सोडून गेलेला, चालणं झपाझप, बोलणं कमी.

तर आज दोघं कँटीनमधून येत होते. बेडूक नव्हता अंगावर. साधे कपडे. आणि ह्यांचा हात तिच्या कोपरात.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी खोलीत येऊन मशीन इतकं जोरात चालवलं की सुई मोडली.

१८ जानेवारी

विचारलं. "जिन्यावर अंधार असतो तिथे," म्हणाले. भर दुपारी!

२ फेब्रुवारी

डोकं तयार झालं. हलकं आहे, आत छोटा पंखा आहे, हे कबूल करायला हवं. ह्यांना घातलं आणि विचारलं, "दिसतंय ना?"  मग म्हणाले, "अंधार वाटतो."

जाळी बदलते. माझंच काही चुकलं असेल. काळा रंग जाड बसला असेल.

७ फेब्रुवारी

जाळी सैल विणीची घातली. "अजून अंधारच आहे," म्हणतात. डिझायनर बाईंनी बुबुळ एक बोट मोठं करायला परवानगी दिली. ते आता इतकं मोठं झालंय की बेडूक भूत बघितल्यासारखा दिसतो. बाईंना आवडलं. "फोटोत मस्त येईल!"

मला मनातून वाटतं, ह्यांना दिसतंय सगळं. दिसायला नको आहे. दिसलं तर काठी कशाला लागेल?

११ फेब्रुवारी

जुन्या जाकिटाचं अस्तर उसवायला घेतलं, तर आतल्या खिशात थेंबांची लहानशी बाटली. डोळ्यांत घालायची. नाव पुसलेलं. स्पंजाचा भुगा डोळ्यांत जात असणार. मी ह्यांना म्हटलं, "सांगायचं नाही का? आतून कापड लावून दिलं असतं." बाटली हातातून जवळजवळ हिसकावलीच. "भुगाच आहे," म्हणाले, "किती चौकशा करशील?"

काळजी करावी तर चौकशा. जाऊ दे मेलं.

२० फेब्रुवारी

लेकीचा फोन होता, परगावाहून, चेहरा दिसतो तसला. शेवटी मला म्हणाली, "आई, बाबा रुसलेत का गं? बोलतात माझ्याशी आणि बघतात कपाटाकडे." मी म्हटलं, बाई, माझ्याकडे तरी कुठे बघतात? तुझे बाबा आता फक्त बेडूक आहेत, आणि बेडकाला एक काठी आहे.

हे शेजारच्या खोलीत होते. ऐकलं असेल तर ऐकलं.

२६ फेब्रुवारी

आज साहेबांनी मला बोलावून सरळ विचारलं, "नव्या डोक्यातून स्वच्छ दिसतं का? काठीची गरज आहे का? तुम्ही बनवलंय, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "स्वच्छ दिसतं. काठी कशाला हवी?"

साहेब म्हणाले, "मग तिला तिकीटखिडकीवर घेतो."

वाईट वाटलं असं म्हणणार नाही. खरं सांगायचं तर घरी येताना मी गुणगुणत होते.

२७ फेब्रुवारी

काठी शिवणखोलीत आली. कधी येत नाही. दारातच उभी राहिली.

"वहिनी, दादांना एकटं पाठवू नका."

"का बरं? लहान बाळ आहे का ते?"

तिने ओठ चावला. "तुम्ही त्यांनाच विचारा. मी शब्द दिलाय."

शब्द दिलाय! माझ्या नवऱ्याला हिने शब्द दिलाय आणि वर ते मला येऊन सांगते! मी तिला म्हटलं, "तिकीटखिडकीवर गर्दी झाली असेल, जा." गेली. जाताना डोळे भरले होते तिचे. मला तेव्हा तोही पुरावाच वाटला.

६ मार्च

तालीम सुरू आहे. कारंज्यापासून मंचापर्यंत एकट्याने चालायचं, पायऱ्या उतरायच्या, हात हलवायचे. हे बिनचूक करतात. साहेब खूश. म्हणजे दिसत होतं की इतके दिवस! मी मुद्दाम वाटेच्या कडेला उभी राहून हात केला, तर माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. घरीसुद्धा ओठ हलत असतात. "काय पुटपुटता?" विचारलं तर म्हणाले, "पावलं पाठ करतोय."

"डोळे कशाला दिलेत मग मी?"

त्यावर हसले. किती दिवसांनी हसले, पण ते हसू मला आवडलं नाही.

मग अचानक म्हणाले, "मी बेडूक नसलो तर मला कोण ओळखतं गं?" मी म्हटलं, "मी ओळखते की." "तू तर ओळखतेसच," म्हणाले, आणि कूस बदलली.

१५ मार्च

 जेवढं होईल तेवढं लिहिते.

आज पार्काचा वाढदिवस होता. माणसंच माणसं. बेडूकराव कारंज्यापासून निघाले. झकास चालले. पोरं ओरडत होती, फोन वर होते. पायऱ्यांपाशी डाव्या बाजूने एक लहान मुलगी कागदाचं फूल घेऊन धावत आली. अगदी डाव्या हाताशी. "बेडूकराव, बेडूकराव" करत होती. हे थांबलेच नाहीत. सरळ तिच्यावर गेले. दोघंही पायऱ्यांवरून खाली.

मुलीचा हात मोडला. तिची किंकाळी अजून कानात आहे.

आणि हे पडल्यावरही डोकं काढेनात. लोकांसमोर डोकं काढायचं नाही हा नियम, तो ह्यांनी आयुष्यभर पाळला. गुडघ्यावर उठले आणि पोरं घाबरू नयेत म्हणून हात हलवायला लागले. पण पोरं सगळी मागे होती. हे कारंज्याच्या भिंतीकडे तोंड करून हात हलवत होते. किती वेळ! धक्क्याने भान गेलं असेल. तिकीटखिडकी टाकून काठी धावत आली, तिने हात धरला आणि आत नेलं. मी बायको, मी नुसती उभी.

१६ मार्च

साहेबांनी चौकशी ठेवली आहे. परवा. प्रश्न एकच, का दिसलं नाही? जाळी की माणूस? हे म्हणतात, "माझं लक्ष नव्हतं."  भिंतीकडे बघत बसलेत.

नक्की जाळीच. डाव्या डोळ्याची कड मी घाईत शिवली होती.  त्या एवढ्याशा मुलीचा हात माझ्या टाक्याने मोडला, असं सारखं वाटतंय. आणि स्वच्छ दिसतं असं सांगून काठीला मीच काढलं.

१७ मार्च

साहेबांकडून डोकं मागून घेतलं. कड तपासायची होती.

टाके उलटसुलट करून बघितले. काही सापडेना. मग म्हटलं, घालून बघावं. इतकी वर्षं डोकी शिवली, पण कधी घातलं नव्हतं. मापं ह्यांची, घालायचं ह्यांनी, आपण कशाला? ते घातलं, पट्टा आवळला आणि आरशासमोर उभी राहिले.

सगळं दिसलं.

आरशावरची धूळ दिसली. भिंतीवरच्या पाटीवरची बारीक अक्षरं वाचता आली. डाव्या हाताला फळीवर तिन्ही जुनी डोकी, त्यांतल्या पहिल्याच्या जबड्यातला तुटका दात. उजवीकडे दार, दाराबाहेर झाडणारा माणूस. खाली माझ्या चपलेचा निघालेला अंगठा. अंधार कुठेच नव्हता. मी एवढी मोठी बुबुळं कापलीत की घरातल्या खिडकीतूनसुद्धा इतकं दिसत नाही.

स्टूल. चहा. पेपर. कपाटाकडे बघून लेकीशी बोलणं. थेंब. कोपरातला हात. भिंतीकडे हलवलेला हात.

त्या बेडकाच्या आत उभी राहून मी रडले. मोठ्याने. आत बोलायचं नाही हा नियम मोडला. किती मूर्ख बाई आहे मी! डोळ्यांत तेल घालून त्या बाईवर पाळत ठेवली आणि स्वतःच्या माणसाचे डोळे बघितले नाहीत.

तोंडातून बघायचं होतं तोवर कुणालाच काही दिसत नव्हतं, म्हणून ह्यांचं न दिसणं खपून गेलं. मी डोळे दिले आणि उघडं पडलं.

१७ मार्च, संध्याकाळ

तिकीटखिडकीवर गेले. काठीला म्हटलं, "डोकं घालून बघितलं मी." तिला पुढचं सांगावं लागलं नाही. दोन वर्षं झाली, म्हणाली. कडेकडेचं दिसणं जातं, मधलं तेवढं नळीतून बघितल्यासारखं उरतं. डॉक्टरकडेही तीच घेऊन जायची. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "वहिनी, ते म्हणायचे, तिला कळलं तर ती मला घरात बसवेल. मी म्हणायची, बसवू दे की. ऐकलं नाही."

बसवलंच असतं मी. त्यात खोटं काय?

मग म्हटलं, "ते हात दाबायचं मला शिकव." खिडकीमागे उभं राहून तिने शिकवलं. एकदा दाबलं की पायरी खाली. दोनदा, पायरी वर. दाबून धरलं की थांबा. एवढंच होतं. एवढ्यासाठी मी जळत होते.

१८ मार्च

चौकशीला साहेब होते, डिझायनर बाई होत्या, मुलीचे वडील होते. हे माझ्या शेजारी, गळ्यापर्यंत बटणं लावून, त्यातलं एक चुकीच्या काजात.

साहेबांनी विचारलं. हे म्हणाले, "जाळीचा काही दोष नाही, मीच..." मी ह्यांच्या पायावर पाय दिला.

"जाळी माझी," मी म्हटलं. "डाव्या डोळ्याची जाळी दुहेरी झाली होती. चित्राचा दोष नाही, ह्यांचा नाही. ते पहिल्यापासून सांगत होते, अंधार वाटतो. मी ऐकलं नाही."

शेवटची दोन वाक्यं तर अगदी खरी होती.

मुलीचे वडील माझ्याकडे बघत राहिले. "एवढंसं काम नीट करता येत नाही तुम्हाला?" ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी मान खाली घातली. मग उठताना त्यांनी सांगितलं, "ती सारखं विचारतेय, बेडूकरावांना लागलं का." ह्यांनी तोंड झाकून घेतलं.

डिझायनर बाईंनी डोकं उचलून उजेडासमोर धरलं, जाळीतून पलीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. डोकं हळूच खाली ठेवलं.

मला शिवणखोली सोडायला सांगितलं. मी साहेबांना म्हटलं, "आम्ही दोघंही जातो. ह्यांच्या पाठीला आता झेपत नाही." साहेबांनी अडवलं नाही. ह्यांचा सत्कार करू म्हणाले. नको म्हटलं.

बाहेर जिना होता. मी ह्यांचा हात धरला आणि एकदा दाबला.

हे जागच्या जागी थिजले. खालून माणसं वर येत होती, त्यांनी वाट काढली, पण हे हलेनात.

"कुणी शिकवलं?"

"काठीने."

"तू आत खोटं बोललीस."

"तुम्ही दोन वर्षं बोललात. चला, लोक खोळंबलेत."

खालच्या पायरीवर म्हणाले, "तुझी शिवणखोली गेली माझ्यापायी."  गेलीच आहे ती. मला तिचं दुःख होतंय, आणि ह्यांचा रागही येतोय, आणि हात काही सोडवत नाही.

२३ मार्च

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. उरलेलं थेंबांवर टिकेल तेवढं टिकेल. हे शांतपणे ऐकत होते, त्यांना पाठच होतं. मी एकटीच पहिल्यांदा ऐकत होते.

पार्कात नवा बेडूक सुरू झालाय, आत तरुण माणूस आहे. माझीच जाळी आहे, बदललेली नाही. बदलायला काही नव्हतंच.

३० मार्च

स्टूल जुन्या जागी ठेवलं. घरातली एकही वस्तू आता सरकवायची नाही.

संध्याकाळी पेपर वाचून झाला. हे म्हणाले, "रोज खरडत असतेस ते काय?" डायरी म्हटलं. "वाच की."

मी म्हटलं, त्यात तुम्हाला शिव्या आहेत. काठीबद्दल नको नको ते आहे. "वाच," म्हणाले, "तुझ्या आवाजात बरं वाटतं."

पहिल्या पानापासून सुरू केलं. दात असलेल्या बेडकाला हसले. सुईच्या गोष्टीला हसले. स्टुलाच्या पानावर नडगी चोळली. कोपरातल्या हाताच्या पानावर मला पुढे वाचवेना. त्यांनी हात पुढे केला, तो माझ्यापासून वीतभर लांब, नुसता हवेत. तो मी ओढून घेतला आणि न ठरवता एकदा दाबला.

"पायरी उतरायची आहे का?" हे म्हणाले.

"हो," म्हटलं. "आता उतरायचीच आहे."

मग पुढचं पान वाचलं.